माग शिकताना कंबर का धरते?

काही दिवसांपूर्वी दवाखान्यात बावीस-तेवीस वर्षांची एक सून आपल्या सासूबाईंबरोबर आली. लग्न होऊन येवल्याला येईपर्यंत तिने माग जवळून पाहिलाही नव्हता. सासरी पैठणी विणली जाते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तीही मागावर बसू लागली. पंधरा दिवसांतच कंबर दुखू लागली. मग मान धरली. आता सकाळी उठताना उजव्या पायात कळ येते, असे ती सांगत होती.

सासूबाई मात्र निर्धास्त होत्या. "अहो डॉक्टर, आम्हीपण असंच शिकलो. पहिले सहा महिने दुखतंच. मग अंगाला सवय होते. तुम्ही नुसती ताकदीची गोळी द्या."

सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे होते. नवीन काम शिकताना अंग दुखते आणि सवयीने ते थांबते, ही गोष्ट खरी आहे. परंतु प्रत्येक दुखणे सवयीने जात नाही. काही दुखण्यांची आपण फक्त सवय करून घेतो आणि ते आतल्या आत वाढत राहते. या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, हे हातमाग शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगारांची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. घरकाम, मुलेबाळे आणि माग अशी तिहेरी ओढ ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचाच हा प्रश्न आहे.

मागावर शरीर काय करते?

कापड म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची गुंफण. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. ताणा मागावर घट्ट ताणलेला असतो. पायाखालची पट्टी दाबली की ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि मधे फट तयार होते. त्या फटीतून बाण्याची कांडी भरलेला धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. मग फणी पुढे ओढून ठोका दिला की बाण्याचा धागा आपल्या जागी बसतो. पुन्हा दुसरी पट्टी, पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. साधे कापड विणण्याची रीत एवढीच आहे आणि ती चार-आठ दिवसांत कळतेही. अंगवळणी पडायला मात्र महिने लागतात.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या एका फेऱ्यात पाय आळीपाळीने दाबत असतात, एक हात धोटा सांभाळतो, दुसरा फणी ओढतो, डोळे केसाएवढ्या धाग्यावर खिळलेले असतात आणि हे सगळे तोलून धरण्याचे काम कंबर करते. हातपाय हलतात तरी. कंबर आणि मान मात्र तासन्‌तास एकाच जागी ताठरून राहतात. स्नायूंना हलण्यापेक्षा न हलता ताण धरून ठेवणे जास्त जड जाते. भरलेली कळशी घेऊन चालणे जमते, पण तीच कळशी हात लांब करून दोन मिनिटे धरून पाहा, म्हणजे हे लक्षात येईल.

पैठणीच्या पदराचे काम तर आणखी निराळे. तिथे धोटा सरळ आरपार जात नाही. मोर, पोपट, वेलबुट्टी यांतील प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी असते आणि ताण्याचे धागे मोजून ती हाताने गुंतवावी लागते. पाय जवळजवळ थांबलेले, मान वाकलेली, नजर एकाच जागी. म्हणून नवशिक्याने आधी साधी वीण अंगात मुरवावी आणि मगच पदराला हात घालावा, हा जुन्या विणकरांचा शिरस्ता आरोग्याच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारावे, असे त्याने वैद्यांना बजावले. मागावरच्या दुखण्याला तर 'तू बसतेस कशी?' हाही प्रश्न विचारला पाहिजे.

सवयीचे दुखणे आणि इशाऱ्याचे दुखणे

सवयीचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते. दंड, पाठ, मांड्या जड वाटतात, दाबले तर बरे वाटते. नव्या कामाच्या दुसऱ्या दिवशी ते जास्त जाणवते, दोन-तीन दिवसांत उतरते आणि दर आठवड्याला कमी होत जाते. त्याला घाबरू नये. गरम पाण्याचा शेक आणि थोडे चालणे एवढ्याने भागते.

इशाऱ्याचे दुखणे बहुधा एका ठिकाणी किंवा एकाच बाजूला असते. मागावर बसले की सुरू होते, उठले की कमी होते आणि दर आठवड्याला वाढत जाते. त्याबरोबर मुंग्या, बधिरपणा किंवा कळ येते. कमरेतून निघून गुडघ्याखाली उतरणारी कळ, रात्री झोपेतून उठवणाऱ्या अंगठ्याच्या व शेजारच्या दोन बोटांच्या मुंग्या, कोपराच्या बाहेरच्या अंगाला वस्तू उचलताना होणारी वेदना, ही सगळी या दुसऱ्या जातीची दुखणी. ती सहन करून जात नाहीत. बसण्याची पद्धत बदलल्याने जातात.

माग कुणाच्या मापाचा?

त्या सुनेची बैठक पाहण्यासाठी तिला खुर्चीच्या कडेवर बसवून मागावर बसते तसे बसायला सांगितले. ती एकदम पुढे सरकली, कंबर गोल केली आणि उजव्या पायाचा चवडा ताणून खाली नेला. "असं का बसतेस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "पट्टीला पाय पुरत नाही."

उलगडा झाला. तो खड्डामाग तिच्या सासऱ्यांसाठी बसवलेला होता. खड्ड्याची खोली, पट्ट्यांची उंची, बैठकीची फळी सगळे त्यांच्या उंचीचे; आणि सून त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर बुटकी. दिवसातून शेकडो वेळा ती एका बाजूला कलून पट्टी दाबत होती. ताकदीच्या गोळीने हे कसे बरे होणार?

आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्याच्या मागावर शिकतात. माग सासऱ्यांचा, भावाचा किंवा शिकवणी केंद्रातला असतो. म्हणून पहिल्या दिवशी धोटा हातात घेण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) पाय : बैठकीवर मागेपर्यंत बसून दोन्ही तळपाय पट्ट्यांवर सहज टेकले पाहिजेत. चवडा ताणावा लागत असेल तर पट्ट्यांच्या दोऱ्या आखूड करून पट्ट्या वर घ्याव्यात किंवा पट्टीवर लाकडाचा तुकडा पक्का बसवावा.

२) बैठक : गुडघे कमरेच्या किंचित खाली असावेत. गुडघे वर आले की कंबर आपोआप गोल होते. अशा वेळी बैठकीवर घट्ट घडी घातलेले पोते किंवा फळी ठेवून उंची वाढवावी. मऊ उशी नको, तिच्यात अंग रुतते. बैठक वाढवली की पाय पुन्हा पुरतात का, हे पाहावे.

३) हात : खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवला असता हात विणल्या जाणाऱ्या कापडाच्या पातळीला यावा. कापड छातीजवळ येत असेल तर खांदे उचलले जातात आणि मान धरते.

४) अंतर : फणीपर्यंत हात पोहोचण्यासाठी पाठ पुढे न्यावी लागू नये. इथे नवशिके एक चूक हमखास करतात. वीण जसजशी पुढे जाते तसतशी विणण्याची जागा आपल्यापासून दूर सरकते. विणलेले कापड वेळोवेळी गुंडाळून घेतले तर ती पुन्हा जवळ येते. परंतु 'अजून चार बोटे झाले की गुंडाळू' म्हणत नवशिका पुढे पुढे वाकत राहतो. थोडे थोडे विणून वारंवार गुंडाळावे. उठ-बस होते, तोही फायदाच.

त्या घरी फक्त दोन बदल सुचवले : पट्ट्यांच्या दोऱ्या आखूड कराव्यात आणि बैठकीची फळी पुढे घ्यावी. पै खर्च नाही. सासरे विणायला बसतील तेव्हा दोरी पुन्हा सैल करायची, एवढाच त्रास.

कापडच सांगते

अंगावर ताण पडतो आहे हे शिकणाऱ्याला स्वतःला पुष्कळदा कळत नाही. पण कापडावरून ते ओळखता येते. दोन्ही काठ आत ओढले जाऊन कापडाचा पन्हा कमी होत असेल, तर बाणा फार ओढला जात आहे. म्हणजे हाताची मूठ आवळलेली आहे. काही ओळी घट्ट आणि काही विरळ येत असतील, तर ठोका एकसारखा पडत नाही. पाठ आणि खांदा थकले आहेत. चुका एकाएकी वाढू लागल्या, तुटलेला धागा नजरेतून सुटू लागला, तर डोळे दमले आहेत. अशा वेळी शिकवणाऱ्याने "लक्ष कुठे आहे?" असे रागावण्याऐवजी "उठ, जरा चालून ये," असे म्हणावे. कापड आणि कंबर दोन्ही वाचतील.

धोटा पाखरू धरावे तसा धरावा; निसटू नये आणि चिरडूही नये. ठोका मनगटाने हिसका देऊन न मारता कोपर व खांद्यातून हात सैल झुलवून द्यावा. धागा दातांनी तोडण्याची खोड तर पहिल्या दिवसापासूनच लागू देऊ नये. वर्षानुवर्षे तसे केल्याने पुढच्या दातांना खाचा पडतात. शिवाय रंगवलेला धागा तोंडात जातो तो वेगळाच. लहान कात्री मागाला दोरीने बांधून ठेवावी.

डोळे आणि उजेड

रेशमाचा बारीक धागा आणि चमकणारी जर यांवर नजर ठेवताना आपण पापण्या मिटायचे विसरतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ दुखते. मंद उजेडात काम केल्याने मोठ्या माणसाचे डोळे कायमचे बिघडत नाहीत, पण थकतात आणि नीट दिसावे म्हणून मान आणखी वाकते. डोळ्यांचे दुखणे असे मानेवर येते.

दिवा पाठीमागे असेल तर आपलीच सावली कापडावर पडते. समोर असेल तर जर डोळ्यांवर चमकते. उजेड बाजूने आणि थोडा वरून यावा. दोन्ही बाजूंनी आला तर उत्तम. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद नजर उचलून वीस फुटांपलीकडे पाहावे. अंगणातले झाड किंवा समोरचे छप्पर चालेल. पापण्या आठ-दहा वेळा मिटाव्यात.

शिकायला सुरुवात करण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर शिकणाऱ्यांनी चष्मा करताना आपल्या डोळ्यापासून कापडापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजून डॉक्टरांना सांगावे. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो; कापड त्याहून दूर असेल तर त्या चष्म्याने माणूस पुढे वाकूनच विणतो.

छाती, कातडी आणि खड्डा

रेशमाच्या मानाने सुताच्या कामात धूळ जास्त. रहाटावर कांड्या भरताना आणि खळ दिलेले सूत हाताळताना बारीक तंतू उडतात. कापसाच्या धुळीत बरीच वर्षे काम करणाऱ्यांना छातीचा एक विशिष्ट आजार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि पुढच्या दिवसांत कमी होते, ही त्याची सुरुवातीची खूण. हा आजार सूतगिरण्यांत अधिक आढळतो. तरी ज्यांना दमा आहे त्यांनी हातमागावरही जपावे. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, कांड्या भरताना नाकातोंडावर स्वच्छ कापड बांधावे, खिडकी उघडी ठेवावी. कच्च्या रंगाच्या धाग्याने हाताला खाज सुटत असेल तर काम झाल्यावर साबणाने हात धुऊन खोबरेल तेल लावावे. खाज टिकली तर डॉक्टरांना दाखवावे.

खड्डामागाची आणखी एक काळजी. पावसाळ्यात खड्ड्यात ओल येते, डास होतात, कधी विंचूही निघतो. पाय सोडण्यापूर्वी बॅटरीने खड्डा पाहण्याची सवय ठेवावी. तळाशी फरशी किंवा विटा बसवून वर कोरडे पोते अंथरावे.

पहिल्या तीन महिन्यांचे वेळापत्रक

नवशिक्याचा उत्साह दांडगा असतो. पहिल्याच आठवड्यात पाच-सहा तास बसून टाकायचे आणि मग आठवडाभर अंथरूण धरायचे, यात काही हशील नाही. पहिला महिना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका कराव्यात, दिवसाकाठी दोन तासांपर्यंत. दुसऱ्या महिन्यात तीन-चार तास. त्यानंतर अंगाला मानवेल तसे वाढवावे. प्रत्येक अर्ध्या तासाने पाच मिनिटे उठणे मात्र कायमचे. मोबाईलमध्ये गजर लावून ठेवावा. कांड्या भरणे, धागे सांधणे, विणणे ही कामे आलटून-पालटून केली तर एकाच स्नायूवर भार येत नाही.

उठल्यावर करायचे चार सोपे व्यायाम :

१) उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे वाका. पाच वेळा.

२) खांदे कानांकडे उचला, मागे फिरवा, सैल सोडा. दहा वेळा.

३) एक हात समोर सरळ करून दुसऱ्या हाताने त्याची बोटे हळूच आपल्याकडे ओढा, मग पंजा खाली वाकवून तसेच करा. दोन्ही हातांना तीन-तीन वेळा.

४) टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. वीस वेळा. पायांतील रक्त वर चढायला याची मदत होते.

व्यायामात कळ वाढली तर तो व्यायाम थांबवावा.

बायाबापड्यांसाठी खास

मागावरच्या पुष्कळ बायका मुद्दाम पाणी कमी पितात. उठावे लागू नये म्हणून, किंवा संडास लांब म्हणून. त्यामुळे लघवीची जळजळ, मुतखडा, बद्धकोष्ठ यांना निमंत्रण मिळते. पाण्याचा तांब्या मागाशेजारीच ठेवावा. तो संपला की भरायला उठणे, हीदेखील विश्रांतीच.

लवकर थकवा येत असेल, धाप लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. त्याचा दोष उगाच मागाला दिला जातो. गरोदरपणात विणायला हरकत नसते, पण बैठका लहान ठेवाव्यात, पोटाला कापडाचे लाकूड टेकू देऊ नये आणि डॉक्टरांना आपले काम सांगावे. एकाच पोटरीला सूज व दुखणे आले तर ते लगेच दाखवावे.

मुलांविषयी एक सांगायला हवे. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कुठल्याच कामधंद्यावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात, तो धोकादायक कामांत मोडत नसेल तरच, शाळा सुटल्यानंतर मदत करण्यापुरती सवलत आहे. वाढत्या वयाचा कणा आणि डोळे तासन्‌तास मागाला जुंपू नयेत. रंग ओळखणे, धागे मोजणे हे हसतखेळत शिकवावे. आणि रोज मैदानावर पाठवावे. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बैठक सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, पायात वा हातात बधिरपणा राहिला, ताप येऊन पाठ दुखू लागली किंवा वजन घटू लागले, तर तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो, हे विसरू नये. पाऊल उचलता येईनासे झाले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेणे मात्र टाळावे. त्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा होते. शिवाय दुखणे झाकले जाते आणि माणूस त्याच चुकीच्या बैठकीत आणखी चार तास बसतो. तसेच साध्या कंबरदुखीत आठ-आठ दिवस पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. एक-दोन दिवस जपावे आणि मग हळूहळू हिंडू-फिरू लागावे. कमरेचा पट्टाही दिवसभर बांधून ठेवू नये. स्नायू दुबळे होतात.

ती सून तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला आली. पायातली कळ थांबली होती, कंबर थोडी दुखत होती. पण दोन्ही बाजूंना सारखी आणि रात्री झोपले की बरी. म्हणजे आता उरले होते ते सवयीचे दुखणे. सासूबाई या वेळीही बरोबर होत्या. जाता जाता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझा हा उजवा गुडघा आणि कंबर, तीस वर्षं झाली, दुखतंय. मलाबी पट्टीला पाय कधी पुरलाच नाही. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही."

त्यांच्या तीस वर्षांवर आता पूर्ण इलाज नाही. थोडा आराम देता येईल इतकेच. पण ज्यांच्या घरात आज कुणी नव्याने मागावर बसत असेल, त्यांनी ही एक गोष्ट जरूर करावी. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला मागावर बसवा, शेजारी खाली वाकून पाहा आणि विचारा, "पाय पुरतो का?"